तसबिरीतील विदूषक

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहाचे नाव इतिहासात राहिले आहे ते एका रात्रीमुळे. २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन तेथे ‘शारदा’ नाटक पाहण्यास आला आणि अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीची तारीख, त्यानंतरचा खटला, दिलेली शिक्षा, सारे कागदोपत्री नमूद आहे. परंतु ज्या नाटकासाठी ती मंडळी जमली होती, त्या नाटकातील भुजंगनाथ प्रेक्षकांना कसा हसवीत असे? उतारवयात बोहल्यावर चढण्यास निघालेल्या त्या धनिकाची तरुण दिसण्याची धडपड नटाने कोणत्या चालीने, कोणत्या मुद्रेने दाखविली? याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. पिस्तुलाच्या आवाजाला साक्षीदार मिळतात. हशाला मिळत नाहीत.

हे केवळ एका रात्रीचे दुर्दैव नव्हे. विनोदी पात्राचे प्राक्तनच असे आहे. पडदा पडला तरी शोकान्त नाटकातील नायकाची भाषणे पुस्तकात शिल्लक राहतात, आणि ती वाचून त्याच्या थोरवीची पुष्कळशी कल्पना येते. विनोदी पात्राच्या वाट्याचे शब्द पुष्कळदा अगदी साधे असतात. खरी गंमत असते ती त्या शब्दांपूर्वी क्षणभर थांबण्यात, वर चढविलेल्या भुवईत, घसरलेल्या पागोट्यात. ही सारी संपत्ती दिव्यांबरोबर मालवते. रंगभूमीवरील सर्व कलांत हास्यकला ही म्हणूनच अधिक अल्पायुषी होय. तिला चित्राच्या द्वारे दीर्घायुषी करण्याचा एक मोठा उद्योग इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, चालला होता. त्या उद्योगाने काय साधले आणि काय गमावले, हे पाहण्यासारखे आहे; कारण त्यातून आपल्या रंगभूमीच्या स्मरणशक्तीविषयीही काही उलगडा होतो.

नटांची चित्रे काढण्याची प्रथा इंग्लंडात त्याच्या आधीपासूनच होती. अठराव्या शतकात झोफानी याने गॅरिक या नटश्रेष्ठाला त्याच्या भूमिकांत रंगविले. पुढे डी वाइल्ड या चित्रकाराने तर आपले बहुतेक आयुष्य वेष चढविलेल्या नटनटींची चित्रे काढण्यातच घालविले. चार्ल्स मॅथ्यूज हा स्वतः नामांकित विनोदी नट. त्याने अशा चित्रांचा मोठा संग्रह जमविला आणि तो पुढे १८३१ साली लंडनमध्ये निघालेल्या गॅरिक क्लबाकडे गेला. परंतु या चित्रांत महत्त्व असे ते नटाला. अमुक नट अमुक भूमिकेत कसा दिसला, एवढेच ती सांगत. व्हिक्टोरियाकालीन चित्रकारांनी दृष्टी बदलली. त्यांनी नटाला बाजूस सारून पात्रालाच समोर आणले. चित्राखाली नटाचे नाव नसे. नाटकाचे नाव, अंक आणि प्रवेश असे. जणू फॉल्स्टाफ किंवा मॅल्व्होलिओ ही शेजारपाजारची माणसेच असून चित्रकाराने त्यांना बसवून चित्र काढले आहे, असा तो थाट होता.

हा बदल घडला तो बऱ्याच अंशी गिऱ्हाइकामुळे. चित्रे विकत घेणारा वर्ग आता सरदारांचा राहिला नव्हता. रॉबर्ट व्हर्नन हा घोड्यांच्या व्यापारात श्रीमंत झालेला गृहस्थ होता. जॉन शीपशँक्स हा लीड्सच्या कापड-कारखानदारांच्या घराण्यातला. अशा मंडळींना दिवाणखान्यात लावण्यास पुराणातील प्रचंड प्रसंग नको होते. पाहताच ओळखू येणारी, घरातील बायकामुलांसमोर शोभणारी आणि जेवणानंतर पाहुण्यांना हसत हसत समजावून सांगता येतील अशी चित्रे त्यांना हवी होती. शेक्सपीयरच्या सुखान्त नाटकांतील पात्रे ही या गरजेला अगदी जुळणारी. विद्वत्ताही दिसावी आणि करमणूकही व्हावी! पुढे व्हर्ननने १८४७ साली व शीपशँक्सने १८५७ साली आपापले संग्रह राष्ट्राला अर्पण केले, म्हणून ती चित्रे आज लंडनच्या सार्वजनिक संग्रहालयांत कोणालाही पाहता येतात.

चित्रकारापुढची अडचण मात्र मोठी होती. विनोद काळात घडतो, चित्र स्थळात असते. आधी अपेक्षा निर्माण होते, मग ती मोडते आणि मग हसू येते, हा विनोदाचा क्रम. चित्रात तर एकच क्षण. मग हसू यावे कसे? डॅनियल मॅक्लिस याचे १८४० साली रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलेले ‘मॅल्व्होलिओ आणि सरदारीण’ हे चित्र या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहावे. मॅल्व्होलिओ हा ऑलिव्हिया या श्रीमंत तरुणीचा कारभारी. स्वभावाने रुक्ष, करडा आणि आपल्या मोठेपणाच्या कैफात असणारा. ऑलिव्हियाची दासी मराया त्याची खोड मोडण्यासाठी धनिणीच्या अक्षरात खोटे प्रेमपत्र लिहून त्याच्या वाटेत टाकते. पिवळे पायमोजे घालावे, त्यांवर आडवेतिडवे बंद बांधावे आणि सदा हसतमुख असावे, अशी त्यात सूचना. वस्तुतः ऑलिव्हियाला पिवळ्या रंगाचा आणि त्या बंदांचा मनापासून तिटकारा. शिवाय ती भावाच्या मृत्यूने शोकमग्न. अशा तिच्यापुढे हा गृहस्थ तो वेष करून, दात दाखवीत उभा राहतो.

मॅक्लिसने निवडलेला क्षण नेमका हा. फसवणूक उघडकीस आलेली नाही. मॅल्व्होलिओ आपल्या विजयाच्या शिखरावर आहे. ऑलिव्हिया, याला वेड तर लागले नाही ना, अशा विचारात आहे. आणि मागे दासीला हसू आवरणे कठीण झाले आहे. चित्राची सारी युक्ती या दासीत आहे. ती रंगभूमीवरील प्रेक्षकाचे काम चित्राच्या आत करते. पाहणाऱ्याला जे ठाऊक आहे तेच तिला ठाऊक आहे, आणि तिच्या डोळ्यांतून पाहताच चित्राला मागचा प्रवेश आणि पुढचा प्रवेश दोन्ही चिकटतात. नुसता पिवळ्या पायमोज्यांचा माणूस हा विचित्र वेषाचा माणूस असता. त्याच्याकडे पाहणाऱ्या दोन स्त्रियांनी तो विनोदी ठरविला. नाटकात हशा पिकतो तोही असाच, एकाच्या अज्ञानावर आणि दुसऱ्याच्या जाणतेपणावर.

चार्ल्स रॉबर्ट लेस्ली हा या प्रकारातील अधिक शांत स्वभावाचा चित्रकार. व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीच, १८२५ साली, त्याने ‘विंडसरच्या चतुर बायका’ या नाटकातील स्लेंडर या बावळ्या तरुणाचे चित्र काढले होते. स्लेंडरला ॲन पेज या मुलीशी लग्न करावयाचे आहे; पण तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून वडीलधारा शॅलो त्याला पुढे ढकलतो आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात नवरदेव गप्प आणि मामाच सर्व बोलतो आहे, असा प्रसंग पाहिलेल्या कोणालाही हे चित्र समजावून द्यावे लागणार नाही. पुढे लेस्ली मोलिएरकडे वळला. १८४१ साली त्याने झुर्दँ या नवश्रीमंत व्यापाऱ्याचे चित्र केले. पट्ट्याच्या हातांचे चार धडे घेऊन आलेला हा शेठ आपल्या मोलकरणीला तलवारविद्या दाखवू जातो, आणि ती शास्त्र गुंडाळून ठेवून त्याला सरळ भोसकत सुटते. लेस्ली कोणाचेही नाक लांब करीत नाही, कोणाचे पोट फुगवीत नाही. व्यंगचित्रकार देहाला वाकडे करून हसवितो. लेस्ली देह सरळ ठेवून वृत्ती वाकडी दाखवितो.

तिसरे उदाहरण एडविन लँडसीअरचे. हा पशुचित्रांचा राजा. आगगाड्यांचे पूल आणि बोगदे बांधणारा प्रसिद्ध अभियंता ब्रुनेल याने आपल्या लंडनच्या घरातील शेक्सपीयर-दालनासाठी त्याच्याकडून चित्र करविले. लँडसीअरने ‘मध्यग्रीष्मरात्रीचे स्वप्न’ या नाटकातील बॉटम हा विणकर निवडला, आणि १८४८ ते १८५१ या काळात ते चित्र पूर्ण केले. बॉटमच्या धडावर गाढवाचे डोके बसले आहे आणि पऱ्यांची राणी त्याच्या प्रेमात बुडाली आहे. रंगभूमीवर ते डोके कागदाच्या लगद्याचे असते आणि त्यातून येणारा माणसाचा आवाज हाच विनोद असतो. लँडसीअरने मात्र खरेखुरे, केसन् केस जिवंत असे गाढव रंगविले. परिणाम असा की, हसण्याऐवजी पाहणारा चकित होतो. ते चित्र आज मेलबर्नच्या संग्रहालयात आहे. विनोदाचे अद्भुतात रूपांतर कसे होते याचा तो नमुना म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही तैलचित्रे शेवटी एकेका भिंतीवरचीच. लक्षावधी घरांत ती पोहोचली ती कोरीव ठशांच्या द्वारे, आणि त्या कामाची रीत समजून घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. नाशिकला तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापार जुना. नव्या भांड्यावर टाकीने नाव घालणारा कारागीर जे करतो, त्याचीच सूक्ष्म आवृत्ती म्हणजे धातूवरील चित्रकोरणी. तांब्याच्या किंवा पोलादाच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणीने रेघा खणावयाच्या, त्यांत शाई भरावयाची, पृष्ठभाग स्वच्छ पुसावयाचा आणि ओलसर कागद वर ठेवून रुळाखाली दाबावयाचा. खाचेतील शाई कागदावर येते. तांबे मऊ, त्याच्या खाचा लवकर झिजत. पोलादाचा पत्रा आल्यावर हजारो प्रती काढता येऊ लागल्या. ‘आर्ट जर्नल’ या मासिकाने व्हर्ननच्या संग्रहातील चित्रे अशीच पोलादावर कोरवून वाचकांना दिली. दुसरी एक तऱ्हा अशी की, सारा पत्रा आधी खरबरीत करावयाचा, म्हणजे छापला तर काळाकुट्ट उमटेल असा. मग जेथे उजेड हवा तेथे तो घासून गुळगुळीत करावयाचा. लँडसीअरचे रात्रीचे वन सॅम्युएल कझिन्स याने याच रीतीने अंधारातून उजेडात आणले.

या दोन्ही रीतींत एक अडचण होती. धातूचे चित्र निराळ्या यंत्रावर, निराळ्या पानावर छापावे लागे. मजकुराच्या शेजारी चित्र हवे असेल तर ठसा खिळ्यांच्याच उंचीचा आणि उठावाचा पाहिजे. ते काम लाकडाने केले. बॉक्सवुड नावाच्या अत्यंत घट्ट लाकडाचा आडवा काप घेऊन, त्यावर धातूच्या कोरणीने, पांढरे राहावयाचे तेवढे खोदून काढीत. त्या झाडाचे खोड लहान असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून खिळवून जोडावे लागत. १८४१ साली निघालेले ‘पंच’ आणि १८४२ साली निघालेले ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ ही दोन्ही साप्ताहिके या लाकडावर उभी राहिली. जॉन गिल्बर्ट याने स्टॉन्टनने संपादिलेल्या शेक्सपीयरसाठी आठशेंहून अधिक चित्रे काढली. ती डॅलझिएल बंधूंच्या कारखान्यात कोरली गेली आणि १८५७ ते १८६० या काळात मासिक भागांनी घरोघर गेली. चित्रकार पांढऱ्या केलेल्या ठोकळ्यावरच चित्र काढी आणि कोरणारा ते कोरता कोरता नाहीसे करी. मूळ चित्र उरतच नसे. फॉल्स्टाफच्या ओठाच्या कोपऱ्यातील लबाडी टिकणार की मावळणार, हे एका अनाम कारागिराच्या मनगटावर अवलंबून होते.

मुलांसाठी आणखी स्वस्त सोय होती. नाटकातील पात्रांचे छापील तक्ते मिळत. साधा एक पेनीस, रंगविलेला दोन पेन्सना. ते पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून, मुले घरच्या घरी नाटक करीत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने मोठेपणी, १८८४ साली, या तक्त्यांवर एक हृद्य निबंध लिहिला. बाळपणी कातरीने कापलेला तो खलपुरुष आणि तो खुशालचेंडू त्याच्या मनातून जन्मभर गेला नव्हता.

या साऱ्या खटाटोपाने विनोदी पात्राला एक स्थिर देह मिळाला. फॉल्स्टाफ म्हटले की ठराविक पोट, ठराविक दाढी, ठराविक पेला डोळ्यांपुढे येऊ लागला. ज्याने नाट्यगृहाची पायरी कधी चढली नव्हती त्यालाही तो ओळखू येऊ लागला. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. दिवाणखान्यासाठी निवडलेल्या क्षणांत विनोदाचा काटा सहसा काढून टाकलेला असे. ज्या मॅल्व्होलिओला पिवळ्या पायमोज्यांत सर्वांनी पाहिले, त्यालाच पुढच्या अंकात वेडा ठरवून अंधाऱ्या कोठडीत डांबतात, आणि शेवटी तो सर्वांवर सूड उगविण्याची भाषा बोलत निघून जातो. ज्या फॉल्स्टाफच्या पेल्याला सर्व हसले, त्याला राजा झालेला त्याचाच जुना सोबती भर रस्त्यात ओळख नाकारतो. नाटकात हसणाऱ्याला आपल्या हसण्याची थोडी शरम वाटावी अशी योजना आहे. एका क्षणाच्या चित्रात ती शरम मावत नाही. चित्राने हसू टिकविले, परंतु हसण्याचा हिशेब टिकविला नाही.

आता आपल्याकडे वळावे. मराठी रंगभूमीवर विनोदी पात्रांची वाण कधीच नव्हती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून विदूषक सूत्रधाराच्या सोबतीला आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिके’त शेक्सपीयरची कजाग नायिका मराठी बोलू लागली आणि गणपतराव जोशी व बाळाभाऊ जोग यांनी तिचे प्रयोग गाजविले. गोविंद बल्लाळ देवलांचा फाल्गुनराव तर थेट मोलिएरच्या घरातून, मर्फी या आयरिश नाटककाराच्या हातून, महाराष्ट्रात आला. त्या गद्य नाटकाचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे १९१६ साली तेच ‘संशयकल्लोळ’ या संगीत रूपात गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळते आहे हे पाहून फाल्गुनरावांचा संशय पेटतो. सारा घोटाळा एका चित्राचा! आणि दैवाचा विनोद असा की, चित्रावरून एवढे रामायण करणाऱ्या फाल्गुनरावाला, गणपतराव बोडसांनी अमर केलेल्या त्या संशयी नवऱ्याला, स्वतःच्या तसबिरीसाठी मॅक्लिस किंवा लेस्ली भेटला नाही.

आपल्याकडे छापील चित्रांचा प्रसार झाला नाही असे नाही. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून घरोघरच्या भिंती भरून टाकल्या. परंतु त्या भिंतींवर मान मिळाला तो देवदेवतांना आणि शकुंतला-दमयंतीसारख्या नायिकांना. दुष्यंताचा सोबती माढव्य त्या रांगेत तसा बसू शकला नाही. भिंतीवरचे चित्र हे पूजेच्या किंवा आदराच्या नात्याने लावावयाचे, ही आपली समजूत. विदूषकाला उदबत्ती कोण ओवाळणार? म्हणून आपल्या विनोदी नटांचा ठेवा राहिला तो कंपन्यांच्या छायाचित्रांत, नटांच्या आत्मचरित्रांत आणि म्हाताऱ्या रसिकांच्या नकलांत.

याच छापखान्यांच्या जगातून एक माणूस पुढे आला, आणि त्याच्या चरित्रात ही सारी कहाणी एकत्र येते. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी जन्मले. जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, छायाचित्रे काढली, आणि पुढे छापखान्यासाठी ठसे करण्याचा धंदा केला. हे ठसे लाकडाचे नव्हते. छायाचित्र बारीक जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरविण्याची ती नवी रीत होती, आणि याच रीतीने विलायतेतील लाकडी कोरणीचा धंदा शतकाच्या अखेरीस बसविला. म्हणजे डॅलझिएल बंधूंची कोरणी ज्या विद्येने म्यान झाली ती विद्या फाळक्यांच्या हाती होती. पुढे त्यांनी चित्राला चालावयास लावले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविल्यावर ते आपले बिऱ्हाड व काम घेऊन नाशिकला आले, आणि १९१४ साली ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक चित्रपटाबरोबर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचा एक छोटा विनोदी पट दाखविला. विनोदाचा क्रम, अपेक्षा आणि अपेक्षाभंग, जो मॅक्लिसला एका दासीच्या चेहऱ्यात कोंबावा लागला होता, तो आता पडद्यावर सरळ उलगडू लागला.

तरी विनोदाचे आयुष्य वाढले असे म्हणता येत नाही. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले, आणि त्यांच्या मूकपटांचा फार मोठा भाग काळाच्या ओघात नष्ट झाला. नाजूक फीत जळते, कुजते. बॉक्सवुडचा ठोकळा आणि त्यावरून निघालेला कागद मात्र दीडशे वर्षांनंतरही फॉल्स्टाफचे पोट जसेच्या तसे दाखवितो. कोणते साधन अधिक प्रगत यावरून कोणती आठवण अधिक टिकेल हे ठरत नाही. ते ठरते जपणाऱ्यांवर. व्हर्नन आणि शीपशँक्स यांना विदूषक संग्रहाच्या योग्यतेचा वाटला, म्हणून तो टिकला. नाशिक-पुण्याच्या जुन्या घरांतील पेट्यांत नाटक कंपन्यांची पिवळी पडलेली छायाचित्रे अजूनही निघतात. त्यांत शेला पांघरलेला नायक मधोमध असतो. परंतु कडेला एखादा गृहस्थ पागोटे किंचित तिरके ठेवून उभा असेल, तर त्याच्याकडे दोन क्षण अधिक पाहावे आणि मागच्या बाजूस त्याचे नाव लिहून ठेवावे. हशाला साक्षीदार मिळाला तर तो असाच मिळेल.